हत्तीशेजारी फुलांची अम्मा

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही यावं, सतरंजी मोठी आहे. टाळ नाहीत, पेटी नाही, बुक्का लावायला बुवाही नाहीत. पण जन्मभर कीर्तनं ऐकत आलेय, त्यामुळे पूर्वरंग लांबला की मंडळी डुलक्या घेतात हे मला ठाऊक आहे. तेव्हा सरळ आख्यानालाच हात घालते. गोष्ट कामोठ्याची, सत्त्याण्णव सालची, आणि तिच्यातली चूक माझी आहे. तरी सांगायला बसले की अजून छातीत ढोलकी वाजायला लागते.

कामोठ्यात तेव्हा माणसं राहायला आलेल्या इमारती थोड्या आणि नुसते सांगाडे फार. आमच्या महिला मंडळाने एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात बालवाडी काढली होती. शिकवायला आम्ही दोघी. एक मी, वैजयंती, आणि दुसरी तळोज्याची रहिमा. रहिमा माझ्याहून बारा वर्षांनी लहान, कोकणी मुसलमान घरातली. बोलायला माझ्यासारखंच मराठी, आणि वेळ पडली की उर्दू झराझरा. मुलांना हात धुवायला लावणं, खाऊ वाटणं, कोण रडतंय ते बघणं हे शेवंताबाईंकडे. त्या कामोठे गावातल्याच, आगरी, साठी उलटलेल्या. कमरेला पदर खोचलेला आणि तोंड सदा चालू.

समोरच्या प्लॉटवर सात मजल्यांची इमारत चढत होती. कामावरची माणसं आंध्रातल्या महबूबनगरकडची. नवरे सळ्या बांधायचे, बायका डोक्यावर घमेली घेऊन चढायच्या, आणि पोरं पत्र्याच्या झोपड्यांपुढे वाळूच्या ढिगात. जूनमध्ये आम्ही दोघी तिकडे गेलो आणि मला पहिल्यांदा अंजी दिसली. चार वर्षांची असेल. तिचा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांबूला बांधलेला होता. मी चिडून आईला शोधायला लागले, तर तिसऱ्या मजल्यावरून एक बाई हाताने वर दाखवत होती. वर बघितलं. कुठल्याच मजल्याला कठडा नव्हता. लिफ्टसाठी सोडलेली जागा वरपासून खालपर्यंत उघडी, आणि खाली पाण्याचा हौद काठोकाठ. बांधलं नसतं तर पोर आईमागे चढलं असतं.

ती आई म्हणजे नरसम्मा. रहिमाने तिला आणि बाकीच्या बायकांना तासभर समजावलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची सहा मुलं आमच्याकडे यायला लागली.

पाच जणं आठवड्यात रुळली. अंजी मात्र दाराशी बसायची, रस्त्याकडे तोंड करून. बोलायची नाही. रडायचीही नाही, हेच मला जास्त लागायचं. माझी शिकवायची पद्धत कीर्तनातून उचललेली. हातात चिपळ्या घ्यायच्या, गोष्टीतली एक ओळ गाऊन म्हणायची आणि मुलांनी ती झेलायची. मुलांना ते फार आवडायचं. रहिमा म्हणायची, "ताई, तुमी दाढी लावा आता, म्हणजे पूर्ण बुवा."

सप्टेंबरातल्या एका सकाळी मी उंदराची गोष्ट रंगात आणली होती. ओळ संपली, मुलांनी झेलली, आणि मध्येच टाळी ऐकू आली. एकटीच. अंजी उठून उभी होती. कमरेत वाकून एक टाळी, सरळ होताना एक, मग पाऊल पुढे. अगदी ठाय लयीत. मी गोष्ट सोडली आणि तिच्या मागे उभी राहून वाकले. मग रहिमा वाकली. मग वीस मुलं गोल फिरायला लागली, आणि शेवंताबाई खाऊचं पातेलं घेऊन मध्येच उभ्या राहून म्हणाल्या, "आता माझी कंबर मोरली तर कोन बघनार?"

दारात नरसम्मा उभी होती. डब्यासाठी पाच मिनिटं सुटली होती. आपली मुकी लेक वीस पोरांना नाच शिकवतेय हे बघून तिने तोंडावर हात दाबून धरला. त्या दिवसापासून ती अंजीला सोडायला स्वतः यायची आणि जाताना माझ्याकडे बघून हसायची. तिचं हसणं मिळालं की माझा दिवस सोन्याचा.

आता माझी चूक ऐका.

एक ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या होती. घरून कावळ्याचं पान ठेवून मी बालवाडीत आले. दुपारी मुलं घरी गेल्यावर आम्ही आवरत होतो, तेवढ्यात नरसम्मा आली. न्हालेली, केसांतून पाणी गळतंय, नवं लुगडं. हातात पितळेचं ताट. ताटात रानफुलांचा ढीग, थरावर थर लावून शिखरासारखा चढवलेला, आणि वर हळदीचा ओला गोळा. तिने ते ताट हसत माझ्यापुढे धरलं.

आपल्याकडच्या कुणाही बाईला विचारा. अमावास्या, ताटात हळद, रचलेली फुलं, आणि दारात आणून कुणी हातात देतंय. मनात एकच गोष्ट येते. उतारा. तिठ्यावर ठेवतात तो, ज्याला ओलांडूनही जाऊ नये असं लहानपणापासून सांगितलेलं. माझे हात आपोआप मागे गेले. "आज नको गं बाई, आज नको," असं म्हणून मी दोन पावलं सरकले. नरसम्माचं हसू तसंच राहिलं, नुसतं त्यातलं काहीतरी विझलं. ती वळली. ती पायरी उतरते न उतरते तोच शेवंताबाईंनी तांब्या घेऊन उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. नरसम्माने मागे वळून ते पाहिलं.

दोन तारखेला गांधीजयंतीची सुट्टी. तीन तारखेला सहाही मुलं आली नाहीत. मला वाटलं, सण असेल. चार तारखेलाही नाहीत. मग रविवार. सोमवारी मी खिडकीतून समोर बघितलं. बांबूला पट्टी होती, अंजी नव्हती. दोन मिनिटांनी ती दिसली, दुसऱ्या मजल्यावर, सळ्यांच्या भाऱ्यावर चढलेली. कुणीतरी ओरडलं, एका माणसाने धावत जाऊन तिला उचललं. गाठ सोडायला शिकली होती ती. बालवाडीत बुटांच्या नाड्या सोडायला मीच शिकवलं होतं तिला.

"रहिमा, चल," मी म्हटलं.

नरसम्मा वाळू चाळत होती. आम्हाला बघून चाळण थांबली नाही. मी मराठीत बोलले, मोडक्या हिंदीत बोलले, हात जोडले. ती चाळतच राहिली. मग रहिमा तिच्याशेजारी वाळूतच बसली आणि उर्दूत हळूहळू काहीबाही बोलत राहिली, तिच्या गावाबद्दल, पावसाबद्दल. पाचेक मिनिटांनी नरसम्माने चाळण ठेवली आणि माझ्याकडे न बघता तिच्या दखनीत म्हणाली, "हमारी अम्मा को टीचरम्मा हात नै लगाई. पानी मारी. जो अम्मा को नै छूती, वो मेरी बच्ची को कैसा छूती?"

मला वाक्य कळलं, पण अम्मा कुठली ते कळेना. रहिमाने विचारलं, आणि मग उलगडा झाला. ताटातला तो फुलांचा ढीग म्हणजे त्यांची देवी. बतुकम्मा. बतुकम्मा म्हणजे जगण्याची आई, असं नरसम्माने सांगितलं. भाद्रपदातल्या अमावास्येला ती येते, नऊ दिवस रोज नवी रचतात, भोवती बायका टाळ्या वाजवत फेर धरतात आणि संध्याकाळी पाण्यात सोडतात. पहिल्या दिवसाची ती माझ्याकडे घेऊन आली होती. झोपडीत नेण्याआधी, आपल्या माणसांना दाखवण्याआधी. तिच्या लेकीमागे मी तोच फेर धरला होता म्हणून.

मी जगण्याच्या आईला उतारा समजले. बसा आता.

"तिला सांग," मी रहिमाला म्हटलं, "आमच्यात तो दिवस पितरांचा असतो. त्या दिवशी आम्ही शुभ काही हातात घेत नाही."

नरसम्माने ते ऐकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "पित्तरों की अमावस हमारी बी है," ती म्हणाली. "सुबे बुड्ढे खाते. शाम को अम्मा आती. घर एकीच है ना."

चाळीस वर्षं कीर्तनं ऐकली, पण इतकं सोपं निरूपण कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, "चुकले गं. आता मला दे, मी दोन्ही हातांनी घेते."

"वो तो पानी में गई," नरसम्मा म्हणाली, आणि चाळण उचलली.

आम्ही निघालो, पण रहिमा मागेच रेंगाळली, दुसऱ्या बायकांशी बोलत. रस्त्यावर येऊन म्हणाली, "ताई, नवव्या दिवसाची सगळ्यात मोठी असते. गुरुवारी. पण यांची पंचाईत झालीय. मुकादम साइटवर नाचायला देत नाय, आणि हौदात फुलं सोडू देत नाय. आत्तापर्यंत रोज बादलीत सोडतायत बिचाऱ्या."

देवी बादलीत. मी रस्त्यातच थांबले. गुरुवारी आमचा भोंडला होता. बालवाडीपुढच्या मोकळ्या प्लॉटवर, पाटावर हत्ती काढून, त्याच्याभोवती फेर धरून. आम्हीही गोलच फिरणार होतो.

"रहिमा."

"मला माहितेय तुमच्या मनात काय आलं," ती म्हणाली. "पण पाणी कुठून आणणार?"

पाण्याचा प्रश्न शेवंताबाईंनी सोडवला. सगळी हकिगत त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "उंबऱ्यावं पानी मी टाकलंय. आता गावाच्या तल्यातलं पानी बी मीच देनार. आमचा गनपती जातो तिथं, त्यांची बाय का नाय जानार? कोन आरवा येतो बघते मी." आणि तशाच उठून गावात गेल्या.

मंडळाच्या बायकांना सांगितलं तेव्हा दोघीतिघींनी नाकं मुरडली. एकीने विचारलं, "म्हणजे हत्तीच्या बाजूला लेबरची देवी?" मी म्हटलं, "हत्तीला विचारून आलेय, त्याची हरकत नाही." बाकीच्या हसल्या, आणि विषय तिथेच संपला.

मंगळवारी मी आणि रहिमा पुन्हा साइटवर. नरसम्माने निमंत्रण ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. इतकंच म्हणाली की फुलं मिळत नाहीत, मोठीला टोपलीभर लागतात, आणि गुरुवारी स्लॅब आहे. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, स्लॅब सुरू झाला की देवासाठीपण थांबत नाय. संपेल तेव्हा संपेल."

फुलं तर आपल्या हातात होती. बुधवारी शाळा नाहीच. चौदा मुलं, आम्ही तिघी, चार आया, आणि हातात पिशव्या. मोकळ्या प्लॉटांवर कंबरभर गवत, आणि गवतात पांढरे-गुलाबी तुरेच तुरे. नरसम्माच्या ताटात मी हेच पाहिले होते.

"कुर्डू हाय ती," शेवंताबाई म्हणाल्या. "आमी भाजी करून खातो, ह्या तिची देवी करतात. बघा, आजपावेतो किती देव खाल्ला मी."

मुलं गवतात घुसली ती दिसेनाशीच झाली, नुसत्या पिशव्या हलताना दिसायच्या. निशांत नावाचा एक पोरगा सापाच्या भीतीने मोठमोठ्याने पाढे म्हणत फुलं तोडत होता. कुणाच्या तरी कुंपणावरची भोपळ्याची फुलं आली, झेंडू तर टोपल्यांनी आले. संध्याकाळी सात पिशव्या आम्ही साइटवर नेऊन ठेवल्या. नरसम्मा पिशव्यांकडे बघत राहिली. एका पिशवीत हात घालून तिने तुरा काढला, वास घेतला आणि पिशवी उचलून आत गेली. रहिमा म्हणाली, "ही येणार." मी म्हटलं, "कशावरून?" ती म्हणाली, "पिशवी आत नेली ना."

गुरुवार. पाटावर खडूने हत्ती काढला, त्याला झूल रंगवली, सोंडेत फूल दिलं. त्याच्या शेजारी शेवंताबाईंनी एवढीशी जागा सारवून ठेवली, रिकामी. साडेचारला बायका-मुलं जमली. समोर मिक्सर धडधडतोय, घमेली वर चाललीत. पाच वाजले. भोंडला सुरू केला. गाणी मी म्हणत होते, पण डोळे रस्त्याकडे. साडेपाच झाले. ती रिकामी जागा हत्तीशेजारी अशी दिसत होती, जसं कुणाचं तरी पान वाढून ठेवलंय आणि माणूस आलंच नाही. नाकं मुरडणाऱ्यांपैकी एक म्हणाली, "चला गं, खिरापत ओळखायला घेऊ, मुलं कंटाळली."

आणि मिक्सर थांबला.

अचानक एवढी शांतता झाली की सगळ्यांनी वर बघितलं. मागाहून कळलं, त्या बायकांनी अम्मा रात्रीच रचून ठेवली होती, मुकादमाला सांगून पहाटे पाचलाच काम सुरू करायला लावलं होतं, आणि दुपारचं जेवणही उभ्यानेच केलं होतं. पाव तास गेला. मग रस्त्याच्या वळणावरून टाळ्या ऐकू आल्या. ठाय लयीत, एक खाली, एक वर.

अकरा बायका होत्या. न्हालेल्या, केस ओले. पुढे नरसम्मा, आणि तिच्या डोक्यावर केवढी ती अम्मा, माझ्या कमरेएवढी उंच. पांढरे तुरे, मग झेंडू, मग परत पांढरे, भोपळ्याची फुलं, आणि शिखरावर हळदीची गौर. कालच्या सात पिशव्या अशा उभ्या राहून चालत येताहेत असं वाटलं मला. तिचा पदर धरून अंजी.

मी पुढे गेले आणि दोन्ही हात पसरले. नरसम्मा थांबली. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढा वेळ मला एका युगासारखा गेला. मग तिने ताट डोक्यावरून उतरवून माझ्या हातांत दिलं. किती जड होतं म्हणून सांगू. फुलं, माती, हळद, सगळ्याचा वास नाकात गेला. मी ती अम्मा हत्तीशेजारी नेऊन बसवली आणि डोकं टेकलं. टेकून उठते तर शेवंताबाई माझ्या बाजूलाच लोटांगणात. त्यांना उठवायला दोन बायका लागल्या.

मग काय विचारता. एक फेर आमचा, एक त्यांचा. त्यांच्या गाण्यात एक बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या शेवटचा शब्द झेलतात. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलावं तसं. भाषा एक अक्षर कळत नव्हती आणि झेलायला एक क्षण चुकत नव्हता. चौथ्या ओळीला सोसायटीच्या बायका झेलायला लागल्या. अंजी मध्ये उभी राहून मोठ्या बायकांना पाय कसा टाकायचा ते हाताने दाखवत होती, आणि चुकलं की कपाळावर हात मारत होती.

शेवटी खिरापत. आमच्यात डबा हलवायचा आणि आत काय ते ओळखायचं. आमची तीन पदार्थांत ओळखली गेली. नरसम्मानेही एक झाकलेला डबा आणला होता. रहिमाने तिला खेळ समजावला. नरसम्माला भारीच मजा वाटली, तिने डबा पोटाशी धरला.

"पोळी?" "नै." "गूळभात?" "नै." "सुकं की ओलं ते तरी सांगा." "नै बोलती." वीस पदार्थ झाले, कुणाला येईना. बायका हट्टाला पेटल्या, मुलं उड्या मारायला लागली. आणि या गलक्यात एक बारीक, चिरका, मी कधीच न ऐकलेला आवाज आला.

"मलिदा!"

अंजीने सगळा खेळ फोडला होता. मग नरसम्माने डबा खाली ठेवला आणि लेकीच्या पाठीत लटका धपाटा घातला, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. भाकरी कुसकरून त्यात गूळ आणि तूप. रहिमाने चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "अगो, हे तर आमची दादी गेलेल्यांच्या फातिहाला करते."

तळ्यावर जाताना अम्मा माझ्या डोक्यावर होती. नरसम्मानेच दिली. गावातल्या आगरी बायका काठावर उभ्या होत्या, शेवंताबाईंनी बोलावलेल्या. फुलं पाण्यावर सुटी होत लांब गेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दहाला पाच मिनिटं असताना नरसम्मा दारात आली. सहा नाही, नऊ मुलं घेऊन. बाजूच्या साइटवरचीही तीन होती. अंजीला तिने उंबऱ्यातून आत सोडलं आणि माझा हात धरून अंजीच्या डोक्यावर ठेवला. मग घमेलं उचलायला निघून गेली.

मार्चमध्ये ती इमारत पुरी झाली आणि ती माणसं पुढच्या कामावर गेली. कुठे, ते नीट कळलं नाही. त्या पाच महिन्यांत अंजी इतकी बोलायला शिकली की शेवंताबाईंना बरोबरीचं कुणी भेटलं. आज त्या इमारतीत पन्नास बिऱ्हाडं राहतात, लिफ्ट आहे, कठडे आहेत, खिडक्यांत कुंड्या आहेत.

झालं माझं आख्यान. दक्षिणा एवढीच मागते. संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल, घरच्यांची नावं मनात घ्याल, तेव्हा त्यात एक नाव वाढवा. नरसम्मा, महबूबनगरकडची, अंजीची आई. ती कुठे असेल तिथे सुखात असो, एवढं तिच्यासाठी मागा.